दोन वळ

मोठी मायच्या उजव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, जिथलं हिरवं गोंदण आता सुरकुत्यांत मिसळून गेलंय, तिथे दोन लाल वळ होते. एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. सकाळी चहाची बशी तिच्या हातात देताना मला ते दिसले. मी विचारलं, "हे काय लागलं?" तिनं बशी खाली ठेवली, पदर ओढून हातावर घेतला आणि म्हणाली, "काही नही वं माय. च्या थंडा व्हई जाई." एवढंच. मग दोन्ही हातांनी बशी धरून फुंकर मारत चहा प्यायली, आणि पदर घसरू नये म्हणून कोपर पोटाशी घट्ट दाबून बसली. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांची आई. ऐंशीच्या पुढची. काही लपवायची तिला सवय नाही. जे असेल ते तोंडावर बोलणारी बाई. ती हात लपवतेय हे बघून माझ्या पोटात काहीतरी हललं. त्या गोष्टीला आता तीन महिने होतील, पण तो पदर ओढणं काही डोळ्यांपुढून जात नाही.

मी बाळंतपणासाठी माहेरी होते. अमळनेरपासून आठ-दहा किलोमीटरवर आमचं गाव. पुढची खोली आता स्लॅबची आहे, पण मागची अजून धाब्याची. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि मधल्या तुळईला एक लोखंडी कडी. या कडीला आमच्या घरातली सगळी लेकरं टांगली गेली. माझे वडील, काका, आत्या, मग मी, माझा भाऊ. मोठी मायचं जुनं नऊवारी लुगडं दुहेरी करून त्याची झोळी बांधायची आणि झोळीला लांब दोरी. बाई चुलीपाशी बसून भाकरी थापता थापता पायाच्या अंगठ्यानं ती दोरी ओढायची. स्टुलावर चढून बघितलं तर कडीच्या आतल्या बाजूला दोर घासून घासून खाच पडलेली दिसते आणि तेवढाच भाग चांदीसारखा चकचकतो. लहानपणी मला वाटायचं ती मुद्दाम तशी घडवलीय.

आणि त्याच कडीखाली आम्ही क्रिब मांडली. नवरा शनिवारी जळगावहून आला, खोक्यातून एकेक दांडी काढून त्यानं दुपारभर ती जोडली. पांढऱ्या रंगाची, चारी बाजूंनी उभ्या दांड्या, आत टणक गादी. माहितीपत्रकात लिहिलं होतं, दोन दांड्यांमधली फट सहा सेंटिमीटरहून जास्त नाही, म्हणजे बाळाचं अंग किंवा डोकं त्यात अडकणार नाही. मोठी माय भिंतीला टेकून सगळं बघत होती. काम संपल्यावर तिनं उठून एका दांडीवरून हात फिरवला आणि विचारलं, "आठे एकलीच निजाडशी तिले?" एकटीच झोपवशील का तिला, असं. मी हो म्हणाले. ती काही बोलली नाही, फक्त मान वर करून कडीकडे बघितलं.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं. बाळाला पाठीवरच झोपवायचं. सपाट, टणक जागेवर. उशी नाही, दुलई नाही, मऊ खेळणी नाहीत. पहिले सहा महिने तरी आईच्या खोलीतच, पण आईच्या अंथरुणात नाही. झोळीत बाळ कमानीसारखं वाकतं, हनुवटी छातीला टेकते, आणि एवढ्या लहान जिवाच्या मानेत डोकं सावरायचं बळ नसतं. श्वासाची वाट दबू शकते. रात्री पाजता पाजता मी फोनवर वाचत बसायची. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या पुढच्या वर्षांत निम्म्याहून खाली आली, हे वाचलं त्या रात्री मी तिला छातीवरून उचललं आणि उजाडेपर्यंत टक्क जागी बसले. भीती एकदा आत शिरली की ती आपल्याशी बोलत नाही, आपल्या हातांशी बोलते. माझे हात झोळीला लागायला तयारच नव्हते.

क्रिबचं दुसरं कारण सुट्टीचं. २६ आठवडे. २०१७ पासून कायद्यानं मिळतात तेवढे, त्यातले दोन मी बाळंतपणाआधीच वापरून बसले होते. मी बँकेत आहे. सुट्टी संपली की सकाळी साडेनऊला काउंटरवर हजर राहायचं, आणि तोवर लेकीला माझ्या अंगावाचून झोपता यायला हवं, असं मी मनात पक्कं धरलं होतं. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दर सोमवारी पेन्सिलीनं एक बारीक रेघ मारायची मी. सव्वा महिन्याचं लेकरू पाठीशी बांधून मोठी माय कपाशी वेचायला गेली होती, हे मला माहीत होतं. तरीही २६ आठवडे मला ओंजळीतल्या पाण्यासारखे वाटत.

पण लेक झोपायची नाही.

म्हणजे माझ्या खांद्यावर झोपायची. छातीवर झोपायची. मोठी मायच्या आडव्या पसरलेल्या पायांवर, मालिश झाल्यावर तेलाच्या वासात, तोंड उघडं टाकून गाढ झोपायची. क्रिबमध्ये ठेवलं की मोजून दहा-पंधरा सेकंद. आधी भुवया हलायच्या, मग दोन्ही हात झाडावरून पडल्यासारखे बाजूला फेकले जायचे, आणि मग तो रडण्याचा पहिला सूर, जो ऐकून माझ्या अंगात दूध दाटून यायचं. ते हात फेकणं म्हणजे दचकण्याची उपजत क्रिया, चार ते सहा महिन्यांत आपोआप जाते, असं डॉक्टर म्हणाले. हात आत घेऊन घट्ट गुंडाळलं तर दचकणं कमी होतं. पण गुंडाळणार कसं? चैत्र संपत आला होता, दिवसा ४४-४५ अंश, रात्री बाराला भिंतीला हात लावला तरी ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी लागायची. एका मलमलच्या कापडातसुद्धा ती घामेजून जायची. इंटरनेटवर सगळीकडे एक सल्ला ठरलेला असतो, की गादी गार लागते म्हणून बाळ उठतं, आधी गादी कोमट करून घ्या. आमच्याकडे त्या दिवसांत गादी कधी गार नव्हतीच. तेव्हा हे थंडगार गादीचं कारण नव्हे, एवढं मला लवकर कळलं.

मी सगळं केलं. क्रिबची चादर आधी दोन रात्री माझ्या अंगाखाली घेऊन झोपले, माझा वास लागावा म्हणून. ठेवताना आधी पाय, मग कंबर, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं. ढेकर निघाल्याशिवाय ठेवायचं नाही. तिचा हात उचलून सोडला आणि तो ओल्या फडक्यासारखा पडला, तरच ती खरी झोपलीय असं समजायचं, कारण एवढी लहान बाळं आधी वरवरच्या झोपेत शिरतात, डोळे पापण्यांखाली फिरत असतात, ओठ चोखत असतात, आणि गाढ झोप पुढे पंधरा-वीस मिनिटांनी लागते. दिवसा खिडकी उघडी, घरातली सगळी बोलणी, भांड्यांचे आवाज चालू. रात्री अंधार आणि कुजबूज, म्हणजे दिवस-रात्र तिला उमगावी. रात्री कूलर घरघरत असायचा. तो आवाज तिला आवडे. पण लाईट गेली की कूलर थांबे, खोलीत एकदम पोकळी झाल्यासारखं होई, आणि त्या पोकळीत ती डोळे उघडे. लांबून सुरत-भुसावळ मार्गावरची मालगाडी जायची. तेवढी मिनिटभर ती ऐकत राही. गाडी गेली की रडे.

त्याच दिवसांत जपानमधल्या रिकेन या संशोधन संस्थेतला एक अभ्यास माझ्या वाचनात आला. कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये तो छापला. २१ बाळांच्या हृदयाचे ठोके मोजत त्यांनी बघितलं, की रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं न थांबता, एका लयीत चाललं तर ते शांत होतं, बरीचशी झोपतातही. मग लगेच ठेवायचं नाही. पाच ते आठ मिनिटं तसंच घेऊन बसून राहायचं, आणि मग ठेवायचं. हे मी लगेच करून बघितलं, ओट्यापासून मागच्या दारापर्यंत फेऱ्या मारल्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसून राहिले, आणि खरंच दहातल्या चार-पाच वेळा जमू लागलं. पण त्या अभ्यासातल्या एका बारीक गोष्टीवर माझं मन अडकून बसलं. बाळाच्या हृदयाचे ठोके बदलतात ते पाठ गादीला लागल्यावर नव्हे. त्याच्या आधीच, आईच्या अंगापासून ते सुटायला लागतं त्या क्षणी. म्हणजे तिची पाठ गादीला टेकण्याआधी, मी वाकून हात लांब करत असतानाच, तिला कळलेलं असायचं.

मी हे मोठी मायला सांगितलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "ते ते शेच. लेकरूले मायनं आंग लागस." ते तर आहेच, लेकराला आईचं अंग लागतं. आणि पुढची पाकळी उचलली.

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, त्याच आठवड्यात आली. गौराईची मांडणी झाली, पितरांसाठी घागर भरली, तिच्यावर डांगर ठेवलं, पुरणाचा वास घरभर दोन दिवस राहिला. सालदारांचे हिशेब याच दिवशी व्हायचे, नवं साल याच दिवशी धरायचं, पण आम्हा पोरींसाठी आखाजी म्हणजे झोके. मारुतीच्या पाराजवळच्या कडुनिंबाला जाड दोर टाकलेला, आणि गावात आलेल्या सासुरवाशिणी रात्री उशिरापर्यंत त्याच्यावर. लेक आईकडे देऊन मी दहा मिनिटांसाठी गेले. बाळंतीण बाई, झोक्यावर चढू नको, असं दोघी-तिघी म्हणाल्या, पण एकीनं जागा करून दिली. मी नुसती बसले. मागून कुणीतरी हलकेच ढकललं. लिंबाच्या मोहराचा कडवट वास, चंद्र नसलेलं आभाळ, गाणं म्हणणाऱ्या बायांचे आवाज कधी जवळ कधी लांब. चार झोके झाले असतील नसतील, माझे डोळे मिटायला लागले. अडीच महिन्यांत पहिल्यांदा मला माझ्या अंगाचं ओझं वाटेनासं झालं. मग झोका थांबवला, कारण दुसरीला बसायचं होतं. पाय मातीला लागले, त्याचं काही वाटलं नाही. पण त्याच्या जरा आधी, ढकलणारीचा तळवा पाठीवरून निघाला ना, तेव्हा पोटात खड्डा पडला. मी तशीच उभी राहिले. सासुरवाशिणी दुसऱ्या दिवसापासून एकेक करून परत जाणार होत्या. झोक्यावरची अर्धी गाणी तर परत जाण्याचीच असतात.

त्या रात्री घरी आल्यावर मोठी माय जागीच होती. मला म्हणाली, बस. मग तिनं मला वावरातल्या झोळीचं सांगितलं. हे मी आधी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं, पण सलग कधी नाही. कपाशी वेचणीला जाताना बांधावरच्या बाभळीला झोळी बांधायची. काटे साफ केलेले असायचे. लेकराला पाजून झोळीत टाकायचं आणि तासाला, म्हणजे कपाशीच्या ओळीला, लागायचं. तास लांब. एक तास वेचून टोकाला पोचलं की बाभूळ दिसेनाशी व्हायची. मुकादम ओरडायचा म्हणून मधूनच माघारी यायची सोय नव्हती. दुसरा तास घेऊन परत येईपर्यंत रडण्याचा आवाज आला तर जीव शांत, कारण रडतंय म्हणजे आहे. आवाज नाही आला की पाय पळायला लागायचे. झोळीत हात घालायचा, नाकापुढे बोट धरायचं, बोटाला ऊन श्वास लागला की मग पुढचा तास. हे सगळं तिनं अहिराणीत, कसलाही चढउतार न करता सांगितलं, जसं कुणी गावाचा रस्ता सांगावा. "सात व्हयनात," ती म्हणाली. सात झाली. पाच वाचली, हे तिनं तोंडानं म्हटलं नाही. माझ्या वडिलांना धरून चार भावंडं आणि एक आत्या, हे मोजायला मला बोटंही लागली नाहीत.

त्यानंतर तीन-चार दिवसांनीच ते वळ दिसले.

रात्री काय झालं होतं ते मला अर्धवट आठवत होतं. दीडला पाजलं, फेऱ्या मारल्या, बसून राहिले, ठेवलं. उठली. परत सगळं. ठेवलं. उठली. तिसऱ्या वेळी मी तिला ठेवलं आणि ती कुरकुरायला लागली तेव्हा मी क्रिबपाशी उकिडवी बसून स्वतःच रडायला लागले. आवाज न करता. मोठी मायची खाट क्रिबला लागूनच होती. तिनं कूस बदलल्याचा आवाज आला. मला वाटलं आता ती म्हणणार, आण इकडे, बांध झोळी. ती काही बोलली नाही. दांड्यांमधून तिचा हात आत गेला आणि लेकीच्या छातीवर पडला. नुसता पडला, थोपटलंसुद्धा नाही. कुरकूर थांबली. मी तिथेच जमिनीवर आडवी झाले आणि मला झोप लागली. जाग आली ती भारद्वाजाच्या आवाजानं, उजाडताना. हात अजून आतच होता. सहा सेंटिमीटरच्या त्या फटीत. मी अंधुक उजेडातच उठून न्हाणीघरात गेले. बाहेर आले तोवर हात काढलेला होता, लेक झोपलेली होती, आणि मोठी माय उठून दात घासत होती.

दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलू शकले नाही. मला राग आला होता का? थोडासा. मी इतक्या आटापिट्यानं तिला एकटं झोपायला शिकवत होते, आणि मोठी मायनं हात देऊन सगळं परत पहिल्यावर आणलं असं एक मन म्हणत होतं. दुसरं मन म्हणत होतं की म्हातारीचा हात रात्रभर लाकडात चेमटला आणि तू आडवी होऊन झोपलीस. लाजही होती. आणि एक असूया, की माझ्या अंगाशिवाय झोपत नाही असं ज्या लेकीबद्दल मी सांगत फिरत होते, ती एका कोरड्या, काटकुळ्या हाताखाली उजाडेपर्यंत झोपली. शेवटी तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळे पडलेले असताना, मी तिला म्हटलं, "मोठी माय, रात्रभर हात घालून कशाला बसलीस? झोपली होती ना ती. काढून घ्यायचास."

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. वर बघत होती, कडीकडे असेल किंवा नुसतं आढ्याकडे.

"ती ते कवयनीच निजी गयथी," ती म्हणाली. "माले नीज ये ना."

ती कधीचीच झोपून गेली होती. मला झोप येत नव्हती.

मी तिचा हात उचलून माझ्या मांडीवर घेतला. वळ गेले होते. गोंदणातली तुळस की चाफ्याचं फूल, काय होतं ते आता ओळखू येत नाही. त्या दिवसानंतर मी एक गोष्ट बदलली, आणि ती कुठल्या लेखात वाचलेली नव्हती. लेकीला ठेवल्यावर मी पटकन मागे सरायचे, श्वास रोखून, चवड्यांवर, चोरासारखी. तसं करायचं सोडलं. तिला ठेवून हात तिथेच राहू द्यायचा, माझा श्वास सरळ होईपर्यंत. मग बोटं एकेक करून उचलायची. पहिले काही दिवस याला पाऊण तास लागायचा. मग अर्धा. मग एकदा पाचच मिनिटं. यात माझ्या हाताचं किती आणि तिच्या वाढत्या वयाचं किती, मी सांगू शकत नाही. दोन-तीन महिन्यांनंतर बाळाला रात्र आपोआप उमगू लागते, हेही खरं आहे. तिसरा महिना पुरा झाला त्या आठवड्यात ती पहिल्यांदा क्रिबमध्ये सलग चार तास झोपली. मी त्या चार तासांत सहा वेळा उठून तिच्या नाकापुढे बोट धरलं.

आईनं नंतर सांगितलं, की मी जळगावला निघायच्या आधी मोठी माय एका दुपारी क्रिबपाशी वाकून वितीनं काहीतरी मोजत होती. निघताना तिनं मला एक घडी दिली. झोळीचं लुगडं. धुऊन, कापून, एकपदरी, चारी कोपऱ्यांना आत घेऊन शिवलेलं, गादीवर ताणून बसेल असं. शिवण हातची, वाकडीतिकडी. एका कडेला काठाची हिरवी पट्टी राहून गेलीय. कडीबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही.

आता जुलै संपतोय. जळगावच्या फ्लॅटमध्ये क्रिब आमच्या पलंगाला लागून आहे. कपाशी लागून गेलीय, मोठी माय फोनवर पावसाचं विचारते, मग लेकीचं. काल रात्री दोनच्या सुमारास लाईट गेली. पंखा मंदावत मंदावत थांबला. मी उठून बसले, आता ती उठणार म्हणून. खाली रस्त्यावर एक रिक्षा गेली. खिडकीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. ती उठली नाही. मी तशीच बसून राहिले, मग बांगड्या काढून उशाशी ठेवल्या आणि दांड्यांतून हात आत घातला. माझा हात मोठी मायपेक्षा जाड, कोपराच्या बराच अलीकडे अडकतो. बोटांखाली लुगड्याचा काठ लागला, त्याच्या पुढे तिचं पोट, वरखाली होणारं. लाईट साडेतीनला आली असावी. पंखा सुरू झाला तेव्हा हात तिथेच होता आणि मी जागी होते.

सोमवारी मला कामावर हजर व्हायचंय. पूर्ण बाह्यांचा कुर्ता इस्त्री करून ठेवलाय.